साठीची जपानी मेजवानी

घरांतील वडील माणसास साठ वर्षें पूर्ण झालीं म्हणजे शांत करावी व आप्तेष्टांस जेवूं घालावें, ही आपली रीत जुनीच आहे. अलीकडे मुलें-सुना हा समारंभ हॉटेलांत करूं लागलीं आहेत, आणि मीरा-भाईंदरसारख्या उपनगरांतील कुटुंबेंही त्यासाठीं लोकलनें थेट चर्चगेटपर्यंत जातात. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत २००४ सालीं मासाहारू मोरिमोटो ह्या जपानी पाकनिपुणाच्या नांवानें ‘वसाबी’ हें भोजनगृह निघालें. पुढें शहरांत अशीं आणखीही निघालीं, आणि साठीच्या बेतांत जपानी जेवणाचें नांव ऐकूं येऊं लागलें.

योगायोग असा कीं, साठीचा उत्सव जपानांतही आहे. त्यास ‘कानरेकी’ म्हणतात. आपल्या पंचांगांत प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरें आहेत; त्यांच्या जुन्या कालगणनेंतही दहांची व बारांची अशा दोन माळा एकदम फिरवून साठ वर्षांचें चक्र होतें. साठ वर्षें भरलीं कीं जन्मवर्षाचेंच नांव पुन्हां येतें, म्हणजे माणूस जणूं नव्यानें तान्हा झाला. म्हणून त्यास तांबडी बंडी व तांबडी टोपी घालतात, आणि तांबड्या कडधान्याबरोबर शिजविलेला भात करतात.

परंतु ज्याची साठी त्याच्या पानांत काय पडतें, हा खरा प्रश्न आहे. भाईंदरच्या कित्येक घरांत मांसमत्स्य वर्ज्य असतें, आणि तेथील यजमान ‘भाज्यांचे पदार्थ मागवूं’ एवढ्यावर निश्चिंत होतो. येथेंच फसगत होते. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नांवाचें पाणी. कोंबू ही समुद्रवनस्पति, आणि कुप्पा जातीचा मासा उकडून, धुरावर धरून, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवून काढलेला त्याचा कीस, ह्या दोहोंपासून तें बहुधा काढतात. ह्यांतील कोंबूमधून किकुनाए इकेदा ह्या रसायनशास्त्रज्ञानें १९०८ सालीं एक द्रव्य वेगळें काढलें व त्याच्या रुचीस ‘उमामी’ असें नांव दिलें. ही दाशी मिसोच्या सारांत असते, शेवयांच्या रश्श्यांत असते, उकडलेल्या भाज्यांतही असते. भाज्यांचा तेंपुरा, म्हणजे पिठांत बुडवून तळलेली भाजी, दिसण्यांत निर्दोष. पण सोबतच्या वाटींतील पातळ रसांत मासा विरलेला असतो. पुष्कळ रसांत मिरीन नांवाची गोड तांदुळाची दारूही घालतात. आयुष्यभर पाळलेला नेम साठीच्याच दिवशीं, तोही मुलांच्या हातून मोडावा, ह्याहून वाईट तें काय? जागा राखून ठेवतांनाच आचाऱ्यास विचारावें. निव्वळ कोंबूची दाशी करतां येते. जपानांतील बौद्ध मठांचें शाकाहारी अन्न अशाच दाशीवर चालत आलें आहे.

(हा तेंपुरा सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं जपानांत नेला असें मानतात. तेच पोर्तुगीज त्या काळीं भाईंदरच्या खाडीपलीकडे वसईस राज्य करीत होते.)

मासे खाणारांची अडचण निराळी. उत्तनच्या किनाऱ्यावर होडींतून उतरलेला मासा पाहणारा मनुष्य म्हणेल कीं, ताज्याची पारख आम्हांस कोणी शिकवावी! पण ताजा मासा आणि कच्चा खाण्याजोगा मासा ह्या दोन गोष्टी आहेत. समुद्रांतील माशांच्या अंगांतही कृमि असतात. ते मारण्यासाठीं मासा उणे २० अंशांवर सात दिवस गोठवून ठेवण्याचा नियम अनेक ठिकाणीं पाळतात. कच्च्याची किळस येणाऱ्या पाहुण्यास आग्रह करूं नये. भाजलेले पदार्थही तेथें मिळतात.

सुशीचा भात शिर्का, साखर व मीठ लावलेला आणि कोमट असतो. तो घास हातानें उचलला तरी चालतो. सोयाच्या रसांत भाताची बाजू न बुडवितां माशाची बुडवावी, नाहीं तर भात सुटतो. वसाबीचा हिरवा गोळा चटणी समजून तोंडांत टाकूं नये. काड्यांनीं खाणें न साधलें तर खुशाल चमचा मागावा. मात्र भातांत काड्या उभ्या रोवूं नयेत. तसा भात ते मृतास वाहतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घासही देऊं नये, कारण दहनानंतर अस्थि त्या रीतीनें उचलतात. शुभ दिवशीं एवढें तरी सांभाळावें.

पदार्थांची निवड आचाऱ्यावर सोंपविण्याच्या प्रकारास ‘ओमाकासे’ म्हणतात. त्याचा आंकडा आधीं विचारून घेण्यांत कमीपणा नाहीं. आणखी एक गोष्ट वडिलांच्या कानांवर आधींच घालावी. आपल्याकडे वरणभातानें जेवणास आरंभ होतो. तेथें रीतसर जेवणांत भात, सार व लोणचें अगदीं शेवटीं, आपल्या ताकभाताच्या वेळीं येतात. मग फळ आणि चहा. तोंवर त्यांनीं पान रिकामें समजून उठूं नये.