अतिलघु प्रकाशस्पंद आणि उच्च क्रमाचे अपस्करण

काचेसारख्या माध्यमातून जाताना प्रकाशाच्या निरनिराळ्या कंप्रतांचा वेग निरनिराळा असतो. यास वर्णीय अपस्करण म्हणतात. लोलकातून उमटणारा सप्तरंगी पट्टा हा त्याचा सर्वपरिचित आविष्कार होय. फेम्टोसेकंद, म्हणजे १०⁻¹⁵ सेकंद, इतक्या अल्प काळाच्या लेसर स्पंदांच्या बाबतीत मात्र हाच गुणधर्म अडचणीचे मूळ ठरतो.

स्पंद जितका लघु, तितका त्याचा वर्णपट रुंद असतो. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा १०० फेम्टोसेकंदांचा स्पंद १० मिलिमीटर जाडीच्या सिलिका काचेतून जवळजवळ जसाच्या तसा बाहेर पडतो. १० फेम्टोसेकंदांचा स्पंद त्याच काचेत पसरून सुमारे १०० फेम्टोसेकंदांचा होतो. तांबडा भाग पुढे जातो, निळा मागे राहतो. हा विलंब कंप्रतेबरोबर सरळ रेषेत वाढत असेल, तर त्यास द्वितीय क्रमाचे अपस्करण म्हणतात. त्यावरील उपाय जुना आहे : ट्रेसी यांनी १९६९ मध्ये विवर्तन जालकांची, तर फोर्क, मार्टिनेझ व गॉर्डन यांनी १९८४ मध्ये लोलकांची उलट परिणाम करणारी रचना मांडली.

परंतु विलंबाची रेषा काटेकोरपणे सरळ नसते. तिला बाक असतो. हा बाक म्हणजेच तृतीय क्रम. द्वितीय क्रम पूर्णपणे फेडल्यानंतरही काचेतून आलेल्या स्पंदात वर्णपटाचा मध्य आधी पोहोचतो आणि तांबडी व निळी अशी दोन्ही टोके मागाहून, पण एकाच वेळी येतात. त्यांच्या व्यतिकरणातून मुख्य स्पंदामागे दुर्बल उपस्पंदांची मालिका तयार होते. रेणूंमधील घडामोडींचे कालमापन करणाऱ्या प्रयोगात असे शेपूट म्हणजे घड्याळाचाच दोष. शिवाय जालकांच्या तृतीय क्रमाचे चिन्ह काचेच्या चिन्हासारखेच असते. म्हणजे एक ऋण फेडताना दुसरे वाढते.

बेल प्रयोगशाळेतील फोर्क, ब्रितो क्रूझ, बेकर व शँक यांनी १९८७ मध्ये याच विसंगतीचा उपयोग करून घेतला. लोलक आणि जालक यांचा द्वितीय क्रम एकाच चिन्हाचा, पण तृतीय क्रम परस्परविरुद्ध. म्हणून दोन्ही एकत्र वापरून त्यांनी ६ फेम्टोसेकंदांचा स्पंद मिळविला. ६२० नॅनोमीटरच्या सुमारास एवढ्या काळात प्रकाशाची जेमतेम तीन आंदोलने होतात.

यानंतर चतुर्थ क्रम आड येतो. सिपॉच, क्राउस आदींनी १९९४ मध्ये मांडलेल्या आरशांत थरांची जाडी क्रमाने बदललेली असते. त्यामुळे निरनिराळ्या तरंगलांबी निरनिराळ्या खोलीवरून परावर्तित होतात आणि विलंबाचा वक्र हवा तसा घडविता येतो. या आरशांच्या विलंबातही सूक्ष्म चढउतार राहतातच; म्हणून एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर येईल अशा जोडीने ते वापरले जातात.