वाकळीचे पुस्तक

दिवाळीची झाडलोट निघाली की घराघरांतून एक प्रश्न हटकून निघतो, "या जुन्या वाकळीचे आता काय करायचे?" आमच्या घरी तो बारा वर्षांपूर्वी निघाला आणि मी त्याचा निकाल दहा मिनिटांत लावून टाकला. दारावर भांडेवाली आलीच होती. दोन जुन्या साड्या, यजमानांची एक पँट आणि माळ्यावरची वाकळ तिच्या पुढ्यात टाकली आणि झाकणाचा स्टीलचा डबा पदरात पाडून घेतला. घासाघीस करून डबा एका मापाने मोठा मिळवला, याचा त्या दिवशी मला कोण अभिमान वाटला होता!

वाकळ माझ्या आईच्या हातची होती. आई अमरावतीची. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले तेव्हा तिने ती शिवली. वरचा पदर आजीच्या लुगड्याचा, आतले थर वडिलांच्या जुन्या धोतराचे. पुढे आई गेली. एके दिवशी मुलीने सहज विचारले, "आई, आजीची ती वाकळ कुठे आहे गं?" मला उत्तर देता येईना. डबा अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. त्यात मी रवा ठेवते.

पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगते, वाकळ म्हणजे तुमची गोधडी. आमच्या वऱ्हाडात खेड्यापाड्यांतून 'ळ'चा 'य' होतो, म्हणून तिथे ती 'वाकय'. दुलई आणि रजई वेगळ्या. त्यांत पिंजलेला कापूस असतो. वाकळीत असते ते कापडच. खाली एक लुगडे, वर एक लुगडे, मध्ये धोतरे, सदरे, झबली, जे जे म्हणून अंगावर विरले ते सगळे. वरून जाड दोऱ्याचा साधा धावदोरा. धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कापड लेकराच्या अंगाला टोचत नाही, पावसाळ्यात ऊब देते आणि उन्हाळ्यात अंथरायला गार लागते.

आता गंमत पाहा. हा मुलूख कापसाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि त्यांचे डोळे आमच्या काळ्या जमिनीकडे वळले. भाव चढले. आगगाडी वऱ्हाडातून पुढे सरकत १८६७ साली नागपूरला पोचली. १८७० साली खामगावच्या बाजारासाठी जलंबहून खास फाटा काढण्यात आला. अकोला, अमरावती, खामगाव या गावांची भरभराट झाली ती सरकीच्या आणि गाठींच्या जोरावर. पण ज्या बाईने पेरणीपासून वेचणीपर्यंत त्या कापसाची सेवा केली, तिच्या लेकराच्या अंगावर रात्री काय असे? चिंध्यांची वाकळ! कापूस बाजारात गेला आणि घरात उरले ते जुनेर.

याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी ठिगळांचे वस्त्र अंगावर मिरवले. लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ठिगळाला इतका मान देणारा मुलूख दुसरा कोणता असेल? तरीही वाकळ कशी शिवावी हे सांगणारे पुस्तक शोधायला आम्ही निघालो, तेव्हा आमची जी फजिती झाली ती सांगण्यासारखी आहे.

आम्ही म्हणजे अकोल्यातल्या दहा-बारा जणी. मुले शिकून बाहेरगावी गेली आणि दुपार रिकामी झाली. डब्याची गोष्ट मी एकदा हसत हसत सांगितली, तेव्हा कळले की तसले डबे निम्म्या जणींच्या घरी आहेत. मग ठरले, आठवड्यातून एकदा जमायचे आणि वाकळ शिकायची. सुशिक्षित बायका आम्ही! शिकायचे म्हटल्यावर आधी पुस्तके गोळा करायला लागलो. कुणाच्या भावाने मुंबईहून आणले, कुणाच्या लेकीने अमेरिकेहून. अमरावतीला माझ्या वहिनीने असाच एक गट जमवला आहे. दोन महिन्यांनी पुस्तकांची पिशवी बडनेऱ्यामार्गे इकडून तिकडे जाते. बाकीच्या वेळी तिचा मुक्काम आमच्या घरच्या लोखंडी ट्रंकेत.

ट्रंकेत काय काय आहे ते सांगते. मेरी वेब्स्टर या अमेरिकन बाईने १९१५ साली लिहिलेले पुस्तक आहे. आपल्याकडच्या गोधडीसारख्या 'क्विल्ट'चा इतिहास आणि कृती दोन्ही त्यात आहेत. इंग्लंडच्या अ‍ॅव्हरिल कोल्बीचे ठिगळकामावरचे १९५८ सालचे पुस्तक आहे. बंगालच्या कांथेवर स्टेला क्रामरिश या विदुषीने १९३९ साली लिहिलेल्या लेखाची झेरॉक्स आहे, आणि त्याच विषयावर नियाझ झमान यांचे ढाक्याला १९८१ साली निघालेले पुस्तक आहे. भारतीय भरतकामावरचे कमलादेवी चट्टोपाध्याय यांचे पुस्तक आहे. आणि हो, थेट आपल्या गोधड्यांवरचेही एक आहे! मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्या जमवून लिहिलेला हा ग्रंथ २०१३ साली फ्रान्समधल्या एका प्रकाशनाने काढला. त्यातली छायाचित्रे पाहताना आम्हां सगळ्यांच्या तोंडून एकच वाक्य निघाले, "अगं, ही तर आमच्याकडे होती!"

ग्रंथालयांत पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची जी ड्यूईची दशांश पद्धत आहे, तिच्यात ठिगळकामाला आणि गोधडीला ७४६.४६ हा स्वतंत्र क्रमांक आहे. म्हणजे जगाने या विद्येला कपाटात जागा राखून ठेवली आहे. परंतु आमच्या ट्रंकेत त्या क्रमांकाचे जे जे आहे, त्यात मराठी एकही नाही.

पुस्तकांवरून शिवायला बसलो आणि पहिल्याच दिवशी हात टेकले. तेव्हा एका मैत्रिणीने तिच्या ओळखीच्या मावशींना बोलावले. मावशी मूर्तिजापूरकडच्या. वय सत्तरीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि आयुष्यात किती वाकळी शिवल्या याचा हिशेब नाही. त्यांना आम्ही मोठ्या कौतुकाने अमेरिकन पुस्तक दाखवले. दुकानातून नवे कापड आणा, इतक्या इंचांचे चौकोन कापा, मग ते असे जोडा, हे सगळे समजावून सांगितले. मावशींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अवो बाई, धड कापड कापाचं, अन् मंग थेच जोडत बसाचं? हे कोनतं शायनपन?"

आम्ही हसून हसून बेजार झालो. पण पुढचे त्यांचे वाक्य हसण्यासारखे नव्हते. गोधड्यांची सुंदर छायाचित्रे हातात धरून, डोळ्यांजवळ नेऊन त्या म्हणाल्या, "फोटू बेस हायत. पन टाका कसा घेतला, थे कुठी दिसते?"

खरेच ते दिसत नव्हते. मग मावशींनी जमिनीवर लुगडे अंथरले, चार कोपऱ्यांना चार पाटे-वरवंटे ठेवायला लावले आणि आत चिंध्या मांडल्या. मांडणीतही शास्त्र आहे. विरलेले कापड मधोमध, घट्ट कापड कडेला, कारण वाकळ ओढली जाते ती कडेने. शिवण बाहेरच्या काठापासून सुरू करायची आणि गोल फिरत आत यायचे. पुढे साचणारा फुगवटा डाव्या तळहाताने मधल्या भागात सरकवत राहायचा. टाका भाताच्या दाण्याएवढा. ओळींमध्ये बोटभर अंतर. शिवणारी वाकळीवरच बसते, म्हणजे तिच्या वजनाने थर हलत नाहीत. फार थर घालायचे नाहीत. का? तर ओली वाकळ एकट्या बाईला पिळता आली पाहिजे! यातली एकही गोष्ट आमच्या ट्रंकेतल्या पुस्तकांत आम्हांला सापडली नव्हती.

मावशींना मात्र ट्रंकेतले एक पुस्तक फार आवडले. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथली माती आमच्यासारखीच काळी आणि पीक कापसाचे. एके काळी तिथे गुलामांकडून शेती करवून घेत. त्यांच्या लेकी-नातींनी शेतातल्या फाटक्या विजारी आणि सदरे जोडून पांघरुणे शिवली. २००२ साली ती पांघरुणे ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर चित्रांसारखी मांडली गेली, मग न्यूयॉर्कला गेली, आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. त्यातले एक पांघरूण १९४२ सालचे. नवरा वारल्यावर एका बाईने त्याच्या कामाच्या कपड्यांचे ते शिवले होते.

मी हे मराठीतून सांगत होते. मावशी पानावरून हात फिरवत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे तं आपल्यावानीच हाय वो. म्याबी बुढ्याच्या धोतराची शिवली होती."

मला त्या क्षणी उमगले ते असे. ज्या युद्धाने आमच्या कापसाला भाव आणला, त्याच युद्धाने तिकडच्या गुलामांची बेडी तोडली. दोन्हीकडच्या बायका कापूस पिकवीत राहिल्या आणि चिंध्या पांघरीत राहिल्या. फरक इतकाच की तिकडच्या बायकांना कुणीतरी जाऊन विचारले, त्यांचे शब्द उतरवून घेतले. आमच्या मावशींना कुणी विचारले?

आणि विचारणे हे काही आम्हां वऱ्हाडच्या माणसांना नवे नाही. मराठी गद्यातला आद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सिद्ध झाला. म्हाइंभटांनी तो कसा केला? चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे जाऊन एकेकाची आठवण विचारली आणि लिहून काढली. पुढे धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा ज्यांना ती पाठ होती त्यांच्याकडून ती पुन्हा जुळवली, असे परंपरा सांगते. माणसांच्या आठवणींतून ग्रंथ उभा करण्याचा हा धडा आमच्याच मातीतला आहे.

म्हणून आम्ही दोनशे पानांची एक साधी वही आणली. नियम दोनच. सांगणारीचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, 'वाकय' तर 'वाकय'. आणि प्रत्येक वाकळीत कुणाकुणाचे कपडे आहेत ते नोंदवायचे. वही ट्रंकेत इतर पुस्तकांच्या वर ठेवतो.

घाई आहे, हे मी लपवत नाही. नऊवारी सुती लुगडी घराघरांतून नाहीशी झाली. कृत्रिम धाग्यांच्या साड्या कितीही धुवा, मऊ पडत नाहीत. ब्लँकेट स्वस्त झाले. मावशींच्या सुनेला वाकळ येत नाही आणि तिला दोष तरी कसा द्यावा? माझ्या आईला येत होती, मी कुठे शिकले?

भगिनींनो, या दिवाळीत तुमच्याही घरी माळा उतरवला जाईल. वाकळ निघाली तर भांडेवालीला हाक मारण्याआधी घरातल्या आजीला हाक मारा. एवढे विचारा: वरचे लुगडे कुणाचे? आत काय आहे? कुणासाठी शिवली? सुरुवात कुठून केली? कुणाकडून शिकलात? पाच प्रश्न आणि एक वही. फराळाचे तळण चालू असतानाही हे होण्यासारखे आहे.

आमच्या वहीची पहिली आठ पाने भरली तेव्हा मावशी म्हणाल्या, "मले वाचता येत नाई. वाचून दाखवा." मी वाचले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. तिसऱ्या पानावर त्यांनी मला थांबवले.

"कोपऱ्याचं मांगून लिवलं तुमी. कोपरा आंधी येते."

मी तो परिच्छेद खोडला आणि त्या सांगतील तसा पुन्हा लिहून काढला.