वर्ध्याच्या माणसाने मेक्सिकोत पेरलेला मका



आपल्या घरी जशी ज्वारीची भाकरी, तशी दूर मेक्सिको देशात मक्याची. तिकडे तिला तोर्तिया म्हणतात. मका आदल्या रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून तसाच भिजत ठेवायचा, सकाळी धुऊन पाट्यावर वाटायचा आणि ओल्या पिठाचा गोळा दोन्ही हातांवर थापून तव्यावर टाकायचा. त्यांचा पाटाही दगडीच, फक्त त्याला तीन पाय असतात. बरोबर घेवड्याची उसळ आणि मिरचीचा ठेचा. आता तिथेही गिरण्या आल्या आहेत, पण शे-दीडशे वर्षांपूर्वी खेड्यातल्या बाईची सकाळ या पाट्यावरच उजाडत असे. आपल्या आजीला तिथे नेऊन बसवले असते, तर भाषा कळली नसती, पण चुलीपुढे तिचे काही अडले नसते!

त्या देशाच्या राजधानीत शिक्षण खात्याची मोठी इमारत आहे. तिच्या भिंतींवर दिएगो रिव्हेरा या नामवंत चित्रकाराने १९२० नंतरच्या वर्षांत भलीमोठी चित्रे काढली. त्यांतल्या एका चित्रात जेवणाचे मेज मांडले आहे. भोवती कामकरी, शेतकरी, लहान मुले बसली आहेत आणि मेजाच्या प्रमुख जागी बसलेला माणूस सर्वांसाठी भाकरी मोडतो आहे. वाचकहो, त्या माणसाला रिव्हेराने जो चेहरा दिला तो आपल्या वर्ध्याच्या माणसाचा आहे. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

कुठे वर्धा आणि कुठे मेक्सिको! हा माणूस तिथे पोचला कसा?

खानखोज्यांचा जन्म वर्ध्याचा, १८८० नंतरच्या दशकातला. विद्यार्थी असतानाच डोक्यात एकच ध्यास बसला, इंग्रजाला हाकलायचे. त्यासाठी लष्करी शिक्षण हवे आणि ते इथे कोण देणार? लोकमान्य टिळकांच्या सल्ल्याने त्यांनी परदेशची वाट धरली. साल होते १९०६ च्या आसपासचे. आधी जपान, मग अमेरिका. खिशात पैसा नाही, ओळखपाळख नाही. कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी शाळेत त्यांनी शिक्षण घेतले. पुढे ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या कॉलेजांत ते शेतकीचे शास्त्र शिकले.

बंदूक शिकायला गेलेला तरुण नांगराकडे वळला म्हणजे ध्येय सुटले, असे कुणाला वाटेल. पण तसे नव्हते. त्याच काळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणारे पंजाबी शेतकरी एकत्र येत होते. १९१३ मध्ये त्यांतून गदर चळवळ उभी राहिली. तिच्या उभारणीत खानखोजे होते आणि लष्करी बाजू त्यांनी अंगावर घेतली होती. म्हणजे दिवसा कॉलेजात पिकांचा अभ्यास आणि मागे बंडाची तयारी, अशी ती वर्षे गेली.

पहिले महायुद्ध पेटले तसे ते इराणात पोचले. तिथल्या लढाऊ टोळ्यांबरोबर राहून इंग्रजी फौजांशी लढले. जखमी झाले, पकडले गेले, निसटले. त्या दिवसांवर एक स्वतंत्र लेख होईल, आज तो आपला विषय नाही. युद्ध संपले, बेत फसला. मग बर्लिन, १९२१ मध्ये भारतीय क्रांतिकारकांच्या गटाबरोबर मॉस्को, आणि शेवटी १९२४ मध्ये मेक्सिको. मायदेशाचे दार बंद झाले होते, कारण इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते.

आता मेक्सिकोच का, ते सांगितले पाहिजे. त्या देशात १९१० मध्ये मोठी क्रांती झाली होती. तोपर्यंत जमीन थोड्या बड्या जमीनदारांच्या हाती, आणि गावेच्या गावे त्यांच्या शेतावर राबणारी, कर्जात पिढ्यान्पिढ्या अडकलेली. आपल्या सावकारीची ज्यांना आठवण आहे, त्यांना जास्त समजावून सांगायला नको. १९१७ च्या राज्यघटनेने जमीन वाटपाची वाट मोकळी केली. पण वाचकहो, सात-बारावर नाव लागले म्हणजे धान्य घरात येते का? जमीन मिळालेल्या माणसाला बियाणे, पाणी आणि जाणकारी लागते. नाहीतर दोन हंगामांत ती जमीन पुन्हा दुसऱ्याच्या दावणीला.

राजधानीजवळ चापिंगो नावाचे गाव आहे. तिथला एका बड्या जमीनदाराचा वाडा आणि त्याची जमीन घेऊन सरकारने तिथे राष्ट्रीय शेतकी विद्यालय आणले. जमीन कसण्याची विद्या द्यायची, माणसाला पिळण्याची नव्हे, असे त्या विद्यालयाचे ब्रीद. या विद्यालयात आपले खानखोजे प्राध्यापक झाले. स्पॅनिश भाषेत शिकवू लागले.

त्यांनी मुख्य काम केले ते मक्यावर. मक्याचे लग्न मोठे मोकळे असते, हे तुम्ही रानात पाहिलेच आहे. शेंड्याला तुरा, तो नर. बगलेतले कणीस, ती मादी. कणसाच्या टोकाला जे रेशमासारखे केस लोंबतात, त्यांतला एकेक केस एकेका दाण्याचा. तुऱ्यातला पराग वाऱ्याने उडतो आणि ज्या केसावर पडेल तो दाणा भरतो. त्यामुळे शेजारच्या रानातला हलका मका आपल्या चांगल्या मक्यात केव्हा मिसळला ते कळतही नाही. नवा वाण काढायचा तर कणसाचे केस बाहेर पडण्याआधी त्यावर कागदी पिशवी चढवायची, हव्या त्या झाडाचा पराग हाताने आणून घालायचा, नोंद ठेवायची, आणि पुढच्या हंगामात ते दाणे वेगळे पेरून काय निघते ते पाहायचे. असे हंगामामागून हंगाम. उतावळ्या माणसाचे ते काम नाही.

मेक्सिको हे मक्याचे माहेर. तिथे मक्याचा एक रानटी भाऊबंद उगवतो, त्याचे नाव तेओसिंते. आपल्याकडे वैरणीसाठी मकचरी लावतात, ती हीच. कणीस म्हणावे तर बोटभर, दाणे मोजके आणि कवच दगडासारखे. पण फुटवे भरपूर आणि अंगात काटकपणा. खानखोज्यांनी या रानटी जातीशी मक्याचा संकर करून नवे वाण काढण्याचे प्रयोग केले. 'ग्रानादा' नावाच्या, कणसाला फाटे फुटलेल्या मक्यावर त्यांनी १९३६ मध्ये एक पुस्तिकाही लिहिली. त्यांच्या मक्याची छायाचित्रे काढली तीना मोदोत्ती हिने. ही इटलीतून आलेली बाई त्या काळची नावाजलेली छायाचित्रकार होती.

पण आमच्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे काम प्रयोगाच्या वाफ्यातले नव्हे. विद्यालयात शिकायला येणार कोण? ज्याच्या घरी खायला आहे त्याचा मुलगा. ज्याला कालपरवा जमीन मिळाली आणि ज्याला अंगठा उठवावा लागतो, तो चापिंगोच्या दारात कशाला येईल? तेव्हा विद्याच खेड्यात न्यायची ठरवली. १९२० नंतरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी खेड्यापाड्यांत मोफत शेतकी शाळा सुरू केल्या. फी नाही, प्रवेशाची अट नाही. शेतकऱ्याने यावे, बियाणे निवडायला शिकावे, जमिनीची पारख शिकावी आणि घरी जाऊन करून पाहावे. रिव्हेरासारखे चित्रकार या कामाच्या पाठीशी उभे राहिले, आणि त्यांच्यातल्या एकाने तर शाळेच्या भिंतीही रंगवून दिल्या.

इराणच्या डोंगरात बंदूक घेऊन हिंडणारा माणूस आणि खेड्यातल्या ओट्यावर कणसे मांडून बसलेला मास्तर, हे दोन वेगळे खानखोजे आहेत असे कुणी समजतात. आम्हाला तसे वाटत नाही. इंग्रज गेला तरी शेतकऱ्याचे बियाणे आणि अक्कल दुसऱ्याच्या हाती राहिली, तर सुटका कोणाची झाली? हा प्रश्न त्यांना अमेरिकेतल्या कॉलेजातच पडला असावा. नाहीतर बंडाच्या धामधुमीत शेतकीच्या पदवीसाठी कोण जागेल?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगू. खानखोज्यांच्या मक्याने सारा मेक्सिको पोसला, असे म्हणणे वाढवून सांगणे होईल. तिथल्या धान्याच्या उत्पादनाला खरी उचल मिळाली ती १९४३ नंतरच्या मोठ्या संशोधन योजनेने. नॉर्मन बोरलॉग तिथे १९४४ मध्ये आले. त्यांच्या बुटक्या गव्हाचे बियाणे मेक्सिकोहून १९६६ मध्ये भारतात आले, सुमारे १८,००० टन. कल्याणसोना आणि सोनालिका ही नावे जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत, ती याच घराण्यातली. त्या गव्हाशी खानखोज्यांचा संबंध नाही. पण मेक्सिकोचे बी आपल्या रानात उतरण्याच्या चाळीस वर्षे आधी आपल्याकडचा एक माणूस तिकडच्या रानात उतरला होता, हे आपल्याला माहीत असावे.

१९३६ मध्ये त्यांनी लग्न केले. पत्नी जान या मूळच्या बेल्जियमच्या. दोन मुली झाल्या, नावे ठेवली सावित्री आणि माया. घर मेक्सिकोत, आई बेल्जियमची, मुलींची नावे मात्र आपली.

पुढे देश स्वतंत्र झाला. आता तरी घरी जाता येईल म्हणून त्यांनी परवानगी मागितली, तर आधी नकार आला! ज्या यादीत इंग्रजांनी त्यांचे नाव घातले होते ती यादी इंग्रज गेल्यावरही कचेरीतून हलली नव्हती. तलाठ्याच्या दप्तरात मेलेल्या आज्याचे नाव वर्षानुवर्षे राहते, तसाच हा प्रकार. ज्याने या देशासाठी तारुण्य घातले, त्यालाच देशात येण्यासाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. नंतर तो नकार फिरवण्यात आला आणि १९४९ मध्ये ते भारतात येऊन गेले. घर सोडले तेव्हा विशीतला पोरगा होता, परतला तो साठी ओलांडलेला म्हातारा.

१९५५ मध्ये ते कायमचे नागपूरला आले. जानबाईही आल्या. ज्या वयात आपल्याकडचा माणूस शेत मुलाच्या हवाली करून पारावर बसतो, त्या वयात या गृहस्थाने नव्याने बिऱ्हाड मांडले. भोवती कापसाचा आणि ज्वारीचा मुलूख. तीस वर्षांचा अनुभव जवळ होता, पण बळ सरत आले होते. चापिंगोला जशी जमीन, विद्यार्थी आणि सरकारचा हात मिळाला, तसे सारे त्यांना तरुणपणी वर्ध्याच्या माळावर मिळाले असते तर? हा विचार मनातून जात नाही. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. मराठीत वीणा गवाणकर यांनी 'डॉ. खानखोजे : नाही चिरा...' हे पुस्तक लिहिले आहे. या त्याच लेखिका, ज्यांचे 'एक होता कार्व्हर' तुमच्या मुलांनी शाळेत वाचले असेल. गावच्या वाचनालयात नसेल तर मागवून घ्यायला सांगा. घरात एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी शेंगा फोडत ऐकावे, असे ते पुस्तक आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात खानखोज्यांचा पुतळा उभारला गेला. आपल्या लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला त्याच्या अनावरणाला गेले होते. आणि राजधानीतल्या त्या भिंतीवर रिव्हेराचे चित्र अजून आहे. मेजाच्या मागे एक बाई डोक्यावर फळांची मोठी पाटी घेऊन उभी आहे, पुढे मुले बसली आहेत, आणि वर्ध्याचा पांडुरंग भाकरीचा तुकडा मोडतो आहे.