इशाऱ्याचा नकार होतो तेव्हा

सी भाषा शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांनी पहिला प्रोग्रॅम एकच लिहिला: पडद्यावर ‘हॅलो, वर्ल्ड’ उमटवणारा. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांच्या १९७८च्या पुस्तकाने तो जगभर पोचवला. त्या पहिल्या आवृत्तीत तो जसा छापला होता तसाच आज ‘जीसीसी १४’ला दिला, तर कंपायलर दोन चुका दाखवतो आणि काम थांबवतो. सी भाषेच्या जन्मदात्याच्याच पुस्तकातला प्रोग्रॅम नाकारण्याची वेळ का यावी?

जीसीसी म्हणजे ग्नू कंपायलर कलेक्शन. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला समजतील अशा आज्ञांमध्ये उतरवणारा हा साधनांचा संच. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. तो कुणीही वापरावा, आतून वाचावा, बदलावा. लिनक्सवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा फार मोठा भाग याच संचातून तयार होऊन बाहेर पडतो. त्यामुळे त्याने एखादा नियम कडक केला, की धक्का दूरवर बसतो. मे २०२४मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीने असेच काही नियम कडक केले.

सी भाषेत फंक्शन वापरण्याआधी त्याची ओळख द्यायची असते: ते कोणत्या प्रकारची माहिती घेतं आणि कोणत्या प्रकारची परत देतं. ही ओळख दिली नाही, तर जुने कंपायलर स्वतःच ठरवून टाकत की उत्तर ‘इंट’, म्हणजे पूर्णांक असणार. फंक्शन लिहिताना उत्तराचा प्रकार गाळला, तरी तोच अंदाज. १९७८च्या त्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही सवलती घेतलेल्या आहेत. जीसीसी १४ने त्या काढून घेतल्या. शिवाय मेमरीतल्या पत्त्याच्या जागी साधा आकडा ठेवला, किंवा एका प्रकारच्या पॉइंटरच्या, म्हणजे पत्ता ठेवणाऱ्या चलाच्या, जागी भलत्याच प्रकारचा दिला, तर पूर्वी फक्त इशारा मिळायचा. आता कंपायलर तिथेही अडवतो.

त्या सवलतींचं मूळ इतिहासात आहे. सीच्या आधी बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांची ‘बी’ नावाची भाषा होती. तिच्यात माहितीचे प्रकारच नव्हते. आकडा असो, पत्ता असो, सगळं एकाच मापाच्या खणात बसायचं. रिची यांनी तिच्यातून सी घडवली, प्रकार आणले, पण जुन्या सवयीला जागा ठेवली: काही सांगितलं नाही, तर ‘इंट’ समजा. त्या काळच्या यंत्रांवर आकडा आणि पत्ता बहुधा एकाच आकाराचे असत. अंदाज चुकला तरी निभावून जायचं.

६४ बिटांचे संगणक आले आणि निभावणं संपलं. त्यांच्यावर पत्ता ६४ बिटांचा, पण ‘इंट’ सहसा ३२ बिटांचाच राहिला. एखादं फंक्शन मेमरीतला पत्ता परत देतं आणि त्याची ओळख द्यायला आपण विसरलो, तर कंपायलर उत्तराचा अर्धाच भाग ठेवतो. वरचे ३२ बिट गळून पडतात. गंमत म्हणजे पत्ता मेमरीच्या खालच्या टोकाला असेल, तर त्या वरच्या भागात शून्यंच असतात आणि प्रोग्रॅम सुरळीत चालतो. पत्ता वर सरकला, की तोच प्रोग्रॅम कोसळतो. लिहिणाऱ्याच्या टेबलावर नीट चालणारा आणि वापरणाऱ्याकडे कधीतरीच पडणारा हा दोष शोधणं अतिशय कठीण असतं.

भाषेच्या १९९९च्या प्रमाणकाने या दोन्ही सवलती रद्दच केल्या होत्या. मग अंमलाला पंचवीस वर्षं का लागली? कारण जुना कोड प्रचंड होता आणि तो मोडायची कुणाची तयारी नव्हती. २०१५च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत जीसीसी स्वतःहून जुनी बोलीच धरून चालायचा. त्यानंतर इशारे दिसू लागले, पण मोठा प्रकल्प बांधताना पडद्यावरून शेकडो ओळी धावतात. त्यांतला एक इशारा वाचतो कोण?

खरी गुंतागुंत मात्र वेगळ्याच ठिकाणी होती. जुनं सॉफ्टवेअर बांधण्याआधी ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट चालते. या संगणकावर अमुक सोय आहे का, हे तपासायला ती चिमुकले प्रोग्रॅम लिहून कंपाइल करून पाहते. झालं तर सोय आहे, नाही झालं तर नाही. यांतले कितीतरी चिमुकले प्रोग्रॅम जुन्या ढिल्या पद्धतीने लिहिलेले. नव्या कंपायलरने ते नाकारले, की स्क्रिप्ट निष्कर्ष काढते: सोय नाही. शिरगणतीला आलेल्याने चुकीच्या दारावर थाप मारावी आणि घरात कुणी राहत नाही अशी नोंद करावी, तसं हे. कुठेही चूक दिसत नाही, सॉफ्टवेअर बांधून होतं, फक्त त्यातली एखादी सोय गुपचूप नाहीशी होते.

म्हणूनच या बदलाआधी झालेलं काम मला बदलाइतकंच महत्त्वाचं वाटतं. फेडोरा या लिनक्स वितरणात रेड हॅटच्या फ्लोरियान वायमर यांच्या पुढाकाराने एकेक पॅकेज तपासलं गेलं. अशा गुपचूप हुकणाऱ्या चाचण्या पकडण्यासाठी कंपायलरमध्ये खास फेरफार केले गेले. जेंटू या दुसऱ्या लिनक्स वितरणाच्या कार्यकर्त्यांनीही तीच मेहनत घेतली. क्लँग या दुसऱ्या मोठ्या मुक्त कंपायलरने २०२३च्या सोळाव्या आवृत्तीत यांतले काही नियम आधीच कडक केले होते, त्याचाही उपयोग झाला. दुसऱ्यांनी वर्षानुवर्षांपूर्वी लिहिलेल्या कोडमधल्या चुका या लोकांनी दुरुस्त केल्या आणि मूळ प्रकल्पांकडे पाठवल्या. अगदीच अडलेल्यांसाठी जीसीसीने ‘एफ-परमिसिव्ह’ हा पर्यायही ठेवला. तो दिला, की या चुकांचे पुन्हा इशारे होतात.

ही वाट पुढेही चालू आहे. एप्रिल २०२५च्या पंधराव्या आवृत्तीने सी-२३ हे नवं प्रमाणक मुळातच गृहीत धरलं. फंक्शनच्या नावापुढचा रिकामा कंस पूर्वी ‘काय घेतं ते सांगितलेलं नाही’ एवढंच सांगायचा. आता त्याचा अर्थ ‘काहीही घेत नाही’ असा ठरला.

आपल्याकडे या कंपायलरचा अभ्यास नवा नाही. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीचं अंतरंग उलगडणाऱ्या कार्यशाळा घेतल्या, त्यासाठी तिथे जीसीसी संसाधन केंद्र उभं राहिलं. त्याच महाराष्ट्रात कितीतरी पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत मुलं फार काळ टर्बो सी या जुन्या कंपायलरवर शिकली. जीसीसीच्याच वर्षी, १९८७मध्ये बाजारात आलेलं ते साधन सीच्या पहिल्या प्रमाणकाहूनही जुनं. ‘क्लियरस्क्रीन’ आणि ‘व्हॉइड मेन’ या तिथल्या सवयी घोकून पास झालेल्या मुलांना नोकरीत खरा कंपायलर भेटतो, तेव्हा बरंच विसरावं लागतं.

ते ओझं मुलांवर टाकू नये. पहिल्या सत्रापासून नवा जीसीसी द्यावा, सगळे इशारे चालू ठेवावेत आणि प्रत्येक इशाऱ्याचं कारण वर्गात समजावून सांगावं. नियम कडक करणाऱ्याने आधी स्वतः दुरुस्तीचे कष्ट घेतले, म्हणून जीसीसी १४चा बदल टिकला. शिकवणाऱ्यांनीही तेवढे कष्ट घेतले, तर कंपायलरचा नकार मुलांना शिक्षा वाटणार नाही. चूक वापरणाऱ्यापर्यंत पोचण्याआधी ती आपल्यालाच दिसली, याचं त्यांना मोल कळेल.