काळारामचा सत्याग्रह आणि आपले वर्तमानपत्र
२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा बाबासाहेबांच्या हाती स्वतःचे वर्तमानपत्र नव्हते. ‘बहिष्कृत भारत’ पैशाअभावी नोव्हेंबर १९२९ मध्येच बंद पडले होते. ‘जनता’ निघाले ते २४ नोव्हेंबर १९३० रोजी. मधल्या काळात दादासाहेब गायकवाडांसह हजारो स्त्री-पुरुष गोदाकाठी उभे राहिले. रामनवमीला रथावरून दगडफेक झाली. मार आपल्या माणसांनी खाल्ला. हकीकत लिहिण्याची लेखणी मात्र इतरांकडे होती.

ही उणीव लहान नव्हे. एखाद्या घटनेला ‘दंगा’ म्हणावयाचे की ‘हक्काचा लढा’, हे लेखणी ज्याच्या हाती तो ठरवितो. प्रस्थापित पत्रांकडून न्यायाची अपेक्षा व्यर्थ होती. १९२० साली ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची साधी जाहिरातही, पैसे देऊ केले असता, नाकारली होती.

आपले पत्र बंद पडते ते केवळ सरकारी दडपणाने नव्हे. थकलेल्या वर्गणीनेही पडते. भांडवलदाराची जाहिरात नको असेल, तर वाचकानेच भार उचलला पाहिजे. पावतीपुस्तक घेऊन दारी आलेल्या कार्यकर्त्याला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणताना १९२९ चा तो नोव्हेंबर आठवावा.