हैदराबाद : दोन रात्रींची सफर, बेताच्या खर्चात

आपल्या घरातल्या बायकांना एकदा विचारून पाहा, गेल्या पाच वर्षांत तुम्ही कुठे कुठे गेलात? उत्तर बहुतेक घरांत एकच येईल. भाचीचे लग्न, कुणाची तरी मय्यत, बहिणीचे बाळंतपण, नाहीतर दवाखाना. नुसते फिरायला म्हणून, घरच्या माणसांबरोबर दोन दिवस कुठे जाणे या यादीत नसते. कारण विचारले की खर्चाचे नाव पुढे येते. खर्च होतोच, ते खोटे नाही. पण एका लग्नातल्या आहेरावर आणि कपड्यांवर जेवढे पैसे जातात, तेवढ्यात चार माणसांची दोन रात्रींची सफर बहुतेक वेळा बसते. फक्त पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे वाचवायचा नाही, हे आधी घरात बसून ठरवायला हवे.

अशा पहिल्या सफरीसाठी मी हैदराबाद सुचवते. मुंबई, पुणे, सोलापूरकडून ते एका रात्रीच्या अंतरावर आहे. मराठवाड्याला तर ते परके नाहीच. १९४८ पर्यंत औरंगाबादपासून नांदेडपर्यंतचा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात. भाषेची अडचण येत नाही. जेवण हलाल आहे का, हे जुन्या शहरात कुणाला विचारावे लागत नाही. बुरखा किंवा दाढी पाहून काउंटरवरचा माणूस अचानक ‘रूम फुल आहे’ म्हणेल, ही जी धाकधूक आपल्यातल्या अनेकांना परक्या शहरात असते, ती नामपल्लीच्या गल्ल्यांत नसते. ज्या घराने आजवर हॉटेलची पायरी चढलेली नाही, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

आता पहिला प्रश्न. मराठवाड्यातल्या निम्म्या घरांचे कुणी ना कुणी हैदराबादेत असते. मग हॉटेल कशाला? फूफीचे घर आहे की!

इथे माझे मत थोडे कडू वाटेल. फूफीकडे उतरलात तर खोलीचे पैसे वाचतील, पण सफर होणार नाही. चार माणसांची मेजवानी तिच्या सुनेला करावी लागेल. आपल्या घरची बाई रिकामी कशी बसणार? तीही ओढणी खोचून कांदे कापायला बसेल. निघताना मुलांच्या हातावर पैसे ठेवले जातील, आपणही मिठाई, फळे, कपडा नेलेला असेल. हिशेब मांडला तर वाचलेले पैसे दोन्ही घरांतून थोडे थोडे गेलेलेच असतात. त्यापेक्षा लॉजवर उतरावे आणि एका संध्याकाळी तासभर भेटून यावे. फूफी रुसेल. पण ‘मुलांना शहर दाखवायचे आहे, रात्री उशीर होतो, तुम्हाला त्रास नको’ असे आधीच फोनवर सांगितले तर तो रुसवा चहाबरोबर विरघळतो. नाते जपण्याचा, सिलेरहमीचा, हक्क अदा होतो आणि कुणाची झोपही मोडत नाही.

खोली शोधताना बहुतेक लोक मोबाइलवर ‘सर्वांत स्वस्त’ हा पर्याय दाबतात. हैदराबाद शहर अफाट पसरलेले आहे. स्वस्त म्हणून दिसणारी खोली अनेकदा माधापूर-गच्चीबावलीच्या बाजूला, चारमिनारपासून पंधरा-वीस किलोमीटरवर निघते. समजा तिथे रात्रीमागे तीनशे रुपये वाचले. दोन रात्रींचे सहाशे झाले. पण चार माणसांना घेऊन जुन्या शहरात रोज जायचे-यायचे म्हणजे दोन दिवसांत चार लांबलचक रिक्षा किंवा टॅक्सी. वाचलेले सहाशे त्यातल्या पहिल्या दोन फेऱ्यांतच संपतील. शिवाय दुपारी मुले पेंगुळली, अम्मीचे गुडघे दुखू लागले, तर खोलीवर परत येऊन तासभर पडता येत नाही. मग सगळे जण कुठल्यातरी हॉटेलात गरज नसताना बसतात आणि बिल वाढते.

म्हणून जागा आधी पाहावी, भाडे नंतर. नामपल्ली स्टेशनचा परिसर (त्याचे सरकारी नाव हैदराबाद डेक्कन), अबिड्स, आणि चारमिनारच्या अलीकडचा मदिना-अफजलगंजचा भाग या तीन पट्ट्यांत साध्या लॉजपासून बऱ्यापैकी हॉटेलांपर्यंत सगळे मिळते. चारमिनार, मक्का मशीद, सालारजंग संग्रहालय, मोअज्जम जाही मार्केट हे सगळे इथून जवळ, साधारण पाच किलोमीटरच्या आत. मुले लहान असतील किंवा बरोबर वयस्कर माणूस असेल तर मी नामपल्लीच निवडेन. अफजलगंजला गर्दी आणि हॉर्नचा आवाज रात्रीपर्यंत थांबत नाही.

खोली ठरवण्याआधी हॉटेलला एक फोन करावा. चेक-आउट दुपारी बाराचा आहे की चोवीस तासांचा, हे आधी विचारावे. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये दोन्ही पद्धती असतात. तुमची गाडी पहाटे पोहोचणार असेल आणि हॉटेलची पद्धत बाराची असेल, तर पहाटे पाचला घेतलेल्या खोलीचा एक दिवस सात तासांतच संपतो. उलट मुंबईहून रात्री सुटणारी हुसेनसागर एक्स्प्रेस पुणे, सोलापूर करत नामपल्लीला दुपारच्या सुमारास पोहोचते. परतीलाही ती दुपारी निघते. बाराच्या चेक-आउटशी तिचे छान जमते.

मग सांगितलेल्या दरात जीएसटी धरला आहे का, ते विचारावे. सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के आहे, आधी १२ होता. कुणी जुन्या दराने लावत असेल तर बिल मागावे. जादा गादीचे किती, कितव्या वर्षापर्यंतचे मूल फुकट, गरम पाणी किती वाजता, लिफ्ट आहे का. आणि एक गोष्ट जी पुरुष कधीच विचारत नाहीत : बाथरूममध्ये बादली आणि तांब्या आहे का, नळ खाली आहे की फक्त वर शॉवर? वुजू करणाऱ्या पाच माणसांना याचे महत्त्व पहिल्या फजरलाच कळते.

फोन नंबर मात्र जपून घ्यावा. इंटरनेटवर हॉटेलच्या नावाने खोटे नंबर टाकून आगाऊ पैसे मागणारे भामटे आहेत. अनोळखी नंबरवर यूपीआयने पूर्ण रक्कम कधीही पाठवू नये. नकाशावरची माहिती, हॉटेलची स्वतःची साइट आणि बुकिंगचे अॅप या तिन्ही ठिकाणी नंबर जुळतो का ते पाहावे. बुकिंग झाल्यावर त्याचा लेखी मेसेज मागून घ्यावा. काउंटरवर वाद झाला तर तोच कामी येतो. प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र बरोबर हवे, नुसते घरच्या कर्त्याचे चालत नाही.

खोलीवर वाचवा, गाडीवर वाचवा, पण जेवणावर वाचवण्यासाठी घरून गॅसची छोटी शेगडी नेऊ नका. मी असे प्रवास पाहिले आहेत. लॉजच्या खोलीत दार लावून बाई खिचडी टाकते आहे आणि बाकीचे चारमिनार बघून परत आले आहेत. बहुतेक लॉजमध्ये याला मनाई असते आणि आगीची भीती वेगळीच. प्रवासात खायला चपात्या, चटणी, उकडलेली अंडी जरूर न्यावीत. पण एकदा गाडीतून उतरले की दोन दिवस चूल बंद. निदान तेवढा हक्क तिचा आहे.

हैदराबादेत हे परवडते, कारण तिथे चांगले खाणे महागच असते असे नाही. सकाळचेच घ्या. जुन्या शहरात सकाळी नहारी आणि कुलचा मिळतो, पाया मिळतो, आणि खिचडी, खिमा, खट्टा ही तिथल्या घरांची खास न्याहारी मिळते. ती नऊच्या आसपास पोटभर केली की दुपारी फारशी भूक लागत नाही. रोज तिखट-मसाल्याचे नको असेल तर नामपल्ली-अबिड्स भागात उडुपी पद्धतीची इडली-डोशाची हॉटेले आहेत. मुलांसाठी एक वेळ तिथे जावे, पोटालाही बरे.

बिर्याणीसाठी नावे हवी असतील तर मदिना सर्कलजवळ घांसी बाजारचे शादाब आणि बशीरबागचे कॅफे बहार ही जुनी, भरवशाची ठिकाणे. तिथली कच्च्या गोश्तची बिर्याणी, बरोबर मिरची का सालन आणि दह्याची चटणी. (कोकणातल्या आमच्या लोकांना यात सोलकढीची आठवण येतेच. इलाज नाही.) खर्चाचे गणित प्लेटच्या आकारात आहे. एक प्लेट एका माणसाला म्हणून लिहिलेली असली तरी बायका-मुलांना ती बहुधा संपत नाही. चौघांत आधी दोन मागवाव्यात, लागली तर तिसरी. उरलेली बांधून मागायला संकोच करू नये, अन्न वाया घालवण्यात कसली आली प्रतिष्ठा? अनेक हॉटेलांत एसी हॉलचा दर खालच्या हॉलपेक्षा वेगळा असतो. मेनूकार्ड तिथलेच मागून पाहावे. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लावला असेल तर तो देणे सक्तीचे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसे निर्देश काढले आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. नम्रपणे काढायला सांगावे. जीएसटी मात्र द्यावाच लागतो.

रात्री रोज मोठ्या हॉटेलात बसायचीही गरज नाही. पुरानी हवेलीच्या बाजूला भट्टीतली चारकोनी नान मिळते. त्या नान, शेजारून एखादा सालन किंवा कबाब बांधून घ्यावा आणि खोलीवर दस्तरखान अंथरून सगळ्यांनी मिळून जेवावे. चारमिनारच्या सावलीत, मक्का मशिदीला लागून असलेल्या निमरा कॅफेत इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे, आणि मोअज्जम जाही मार्केटच्या १९३५ च्या दगडी इमारतीत फळांचे आइस्क्रीम, एवढ्यावर मुले खूश होतात. लाड बाजारात मात्र जेवल्यावर जावे, उपाशीपोटी नाही. भुकेलेला माणूस घासाघीस नीट करत नाही, आणि लाखेच्या बांगड्यांचा पहिला सांगितलेला भाव हा भाव नसतोच.

नमाजचा विचार करतानाही खोली जवळ असण्याचा फायदा कळतो. पुरुषांना हैदराबादेत पावलोपावली मशीद आहे. बायकांसाठी जागा प्रत्येक मशिदीत असतेच असे नाही, त्यांचा भरवसा खोलीवर. घरापासून हैदराबाद सफरीच्या शरई अंतरापेक्षा कितीतरी लांब असल्याने दोन-तीन दिवसांच्या मुक्कामात कसर लागू होते. जुहर, असर, इशाच्या फर्ज चार रकातींच्या दोन, फजर आणि मगरिब आहे तशाच. स्थानिक इमामांच्या मागे पढलात तर पूर्ण चार. कोकणातली आपली बहुतेक घरे शाफई आहेत. त्यांना प्रवासात जुहर-असर आणि मगरिब-इशा जमा करण्याचीही सवलत आहे. हनफी मसलकात तशी नाही. एकाच गाडीतून निघालेल्या रत्नागिरीच्या आणि बीडच्या जावांमध्ये यावरून वाद नको, ज्याने त्याने आपल्या आलिमांना निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. किब्ला तिथे पश्चिमेपासून किंचित उत्तरेकडे आहे.

जुम्याचा दिवस आधीच पाहून ठेवावा. सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला पॅलेस दोन्ही शुक्रवारी बंद असतात, आणि दुपारी चारमिनारभोवती मक्का मशिदीच्या जमातीची गर्दी. शुक्रवार मध्ये येत असेल तर सकाळी गोवळकोंडा करावा, उन्हे चढण्याआधी. फतेह दरवाजाखाली टाळी वाजवली की ती वर बाला हिसारला ऐकू येते, हे मुलांना स्वतः करून पाहू द्या. सालारजंगला बाराच्या आधी पोहोचावे. तिथल्या जुन्या घड्याळातला छोटा माणूस बारा ठोके देतो, ते पाहायला रोज गर्दी जमते.

शहरात फिरायला मेट्रो स्वस्त आहे, नामपल्लीला तिचे स्थानक आहे. पण चारमिनारपर्यंत ती अजून जात नाही, शेवटचा टप्पा रिक्षानेच. तेलंगणाच्या बसमध्ये महिलांना मोफत प्रवास आहे असे ऐकून आपल्या भगिनी चढतात आणि वाहकाशी हुज्जत होते. ती सवलत तेलंगणाच्या रहिवासी महिलांना आहे, आपण तिकीट काढावे. आपल्या एसटीची महिलांसाठीची निम्म्या भाड्याची सवलतही महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढचे भाडे पूर्ण लागते.

परतीच्या दिवशी बारापूर्वी खोली सोडावी लागेल आणि गाडीला वेळ असेल, तर हॉटेलवालेच बहुधा सामान तासा-दोन तासांसाठी ठेवून घेतात. नाहीतर मोठ्या स्टेशनांवर क्लोक रूम असते, तिथे बॅगेला कुलूप आणि प्रवासाचे तिकीट मागतात. तेवढ्या वेळात नामपल्लीच्या सुभान बेकरीतून उस्मानिया बिस्किटांचे दोन डबे घ्यावेत. एक घरी नेण्यासाठी, आणि एक गाडीत फुटेलच.