नो-गो आत गेला

बुधवारची संध्याकाळ आहे. उद्या गुरुवार, भोसरी एमआयडीसीची सुट्टी, म्हणून या छोट्या वर्कशॉपमध्ये माल आजच भरायची घाई चालली आहे. दारात टेम्पो लागलाय. टेबलावर स्टीलचे बुश रांगेने मांडलेत. ड्रॉइंगवर बोअरचं माप आहे २५ एच७, म्हणजे पंचवीस मिलिमीटरच्या वर फार तर २१ मायक्रॉन, खाली काहीच नाही.

तपासणीचा मुलगा प्लग गेज लावतो. ‘गो’ची बाजू सरळ आत जाते, ती जायलाच हवी. तो गेज उलटा करतो. ‘नो-गो’ही आत जातो, तो जायला नको होता. तो दुसरा बुश घेतो, तिसरा घेतो, आणि ताईंना हाक मारतो.

ताई म्हणजे मालकीण. त्या स्वतः गेज लावून बघतात आणि ऑपरेटरकडे वळतात.

“इन्सर्ट कधी बदललास?”

“जेवणानंतर, ताई.”

“आणि ऑफसेट?”

ऑपरेटर गप्प. कापणारं टोक, म्हणजे इन्सर्ट, बदललं, पण मशीनमधलं त्याचं माप, म्हणजे ऑफसेट, नव्याने दिलं नाही. जेवणानंतरचा सगळा माल लाल क्रेटमध्ये जातो. मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही. तो माल भंगारातच जाणार.

“सकाळचा माल वरच्या थरात ठेवू का?” सुपरवायझर हळूच विचारतो. “तिकडे वरचेच चार-पाच नग तपासतात.”

“नको. लाल क्रेट आतच ठेव.” ताई फोन उचलतात.

“नमस्कार सर. आज निम्माच माल पाठवतेय. दुपारनंतरच्या लॉटचा बोअर मोठा झालाय, चूक आमची आहे.” पलीकडचा आवाज चढतो, मला शेजारी बसून ऐकू येतो. लाइन थांबेल, वर काय सांगू, वगैरे. ताई त्याला पूर्ण बोलू देतात. मग समोरचं शेड्यूल पुढे ओढतात. “आजच्या मालात तुमची शनिवार दुपारपर्यंतची असेंब्ली निघते, सर. बाकीचा माल शनिवारी सकाळी तुमच्या गेटवर असेल. बार मागवलाय, शुक्रवारी दोन्ही पाळ्या हेच काम घेते.” आवाज खाली येतो. ग्राहकाच्या असेंब्लीचा हिशेब फोनवरच्या माणसाकडे तयार नव्हता, ताईंकडे होता. मला त्यांचं खरं कसब इथे दिसतं. माफी तर कुणीही मागेल.

फोन ठेवण्याआधी त्या आवाज न बदलता विचारतात, “आणि सर, जुन्या तीन बिलांचं काय झालं?”

“फायनान्सला सांगतो, मॅडम.”

हे उत्तर प्रत्येक लघुउद्योजकाला पाठ आहे. २००६च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आयकर कायद्यातही २०२३-२४पासून ४३बी(एच) हे कलम आलं: मुदतीत न दिलेलं बिल प्रत्यक्ष चुकतं होईपर्यंत खर्च म्हणून धरलं जात नाही. इकडे ताईंना त्या बिलांवरचा जीएसटी मात्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागला, पैसे आलेले नसताना.

“थकलेल्या बिलांसाठी सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सुविधा परिषदेकडे तक्रार का करत नाही?” मी विचारतो.

“केली तर पैसे येतील. पुढची ऑर्डर येणार नाही.” त्या चलनावर सही करतात, नगांचा आकडा खोडून नवा लिहितात आणि ऑपरेटरला बोलावून ऑफसेट स्वतःसमोर टाकायला लावतात. ओरडत नाहीत. टेम्पो निम्म्या मालावर निघतो.

चूक कळल्याच्या तासाभरात ताईंनी ग्राहकाला फोन केला. मोठ्या कंपन्यांच्या खरेदी आणि फायनान्स खात्यात बसलेल्या मंडळींना माझं मागणं एवढंच आहे: बिलाला उशीर होणार असेल तर तुम्हीही आधी फोन करा, तारीख सांगा, आणि त्या तारखेला पैसे पाठवा.